टांगलेल्या माणसाचा पत्ता : एका चित्राचे तीन अर्थ



या पाठात आपण एकच चित्र पाहणार आहोत. ते टॅरोच्या पत्त्यांमधले बाराव्या क्रमांकाचे आहे. इंग्रजीत या पत्त्याला ‘द हँग्ड मॅन’ म्हणतात. आपण त्याला ‘टांगलेला माणूस’ म्हणू. आज सर्वांत जास्त छापल्या जाणाऱ्या जोडामध्ये हे चित्र असे दिसते : पालवी फुटलेल्या लाकडाचा, इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा खांब. त्याला एक तरुण उजव्या पायाने उलटा टांगलेला. डावा पाय गुडघ्यात वाकवून मागे नेलेला. हात पाठीमागे. अंगात निळा अंगरखा, पायांत लाल विजार, पिवळे जोडे. डोक्याभोवती सोनेरी तेजोवलय आणि चेहऱ्यावर वेदनेचा मागमूसही नाही.

या पत्त्याचा अर्थ तुम्ही कोणत्याही अ‍ॅपमध्ये शोधा. त्याग, थांबणे, नवी दृष्टी, आंतरिक शांती असे शब्द मिळतील. सोबत बहुधा हेही सांगितलेले असेल की हे प्राचीन इजिप्तमधले गुप्त ज्ञान आहे. आता स्वतःला एक साधा प्रश्न विचारा. एका माणसाचे हात मागे नेऊन, पायाला दोर लावून त्याला उलटे टांगले आहे आणि आपल्याला त्यात शांती दिसते, हे कसे झाले?

या प्रश्नाचे उत्तर चित्रात नाही, इतिहासात आहे. अभियांत्रिकीच्या आरेखनात उजव्या कोपऱ्यात खाली एक शीर्षक-चौकट असते. आरेखन कोणी काढले, कधी काढले, कोणत्या कामासाठी आणि ही कितवी सुधारित आवृत्ती, हे तिच्यात लिहिलेले असते. ती चौकट न वाचता कोणी रेषांचा अर्थ लावू लागला तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही त्याला अडवेल. जुन्या चित्रांना अशी चौकट नसते. ती आपल्याला पुराव्यांवरून भरावी लागते. आज आपण या एका पत्त्याची चौकट भरू.

१. आधी खेळ

पत्ते युरोपात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचले. १३७७ साली फ्लॉरेन्स शहराने पत्त्यांच्या खेळावर निर्बंध घातल्याची नोंद आहे. हे पत्ते मुस्लिम जगातून आले. इजिप्तच्या मामलुक काळातला हाताने रंगवलेला एक जोड इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपलेला आहे. त्यात पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग आहेत. पोलोची काठी इटलीतल्या लोकांच्या ओळखीची नव्हती, म्हणून तिथे तिचा साधा दंड झाला. एका संस्कृतीतली वस्तू दुसरीत गेली की काय होते, याचे हे पहिले छोटे उदाहरण लक्षात ठेवा.

पुढे १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत कोणीतरी या चार रंगांच्या ५६ पत्त्यांना २२ चित्रांचे पत्ते जोडले. १४४० सालच्या फ्लॉरेन्समधल्या एका नोंदीत आणि १४४२ सालच्या फेरारा येथील दरबारी हिशेबांत या जोडांचा उल्लेख सापडतो. त्यांना ‘त्रिओन्फी’ म्हणत, म्हणजे विजय मिळवणारी पाने. आपण पत्ते खेळताना ज्याला हुकूम म्हणतो, तेच यांचे काम. हुकमाच्या पानाने इतर रंगाचे पान मारून हात करायचा. इंग्रजीतला ‘ट्रम्प’ हा शब्दही याच कुळातला आहे. ‘तारोक्की’ हे नाव सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. त्याचेच फ्रेंच रूप ‘टॅरो’.

पंधराव्या शतकाच्या अखेरीचे एका इटालियन धर्मोपदेशकाचे प्रवचन उपलब्ध आहे. त्यात त्याने या पत्त्यांची क्रमवार यादी दिली आहे आणि ही पाने म्हणजे माणसाला नरकात नेणाऱ्या शिडीच्या पायऱ्या आहेत असे म्हटले आहे. त्याचा राग नीट पाहा. तो जुगारावर आहे. पत्ते वापरून कोणी भविष्य सांगते, अशी तक्रार तो करत नाही. ती प्रथा तेव्हा रूढ असती, तर तिच्यावर तुटून पडायची संधी अशा उपदेशकाने सोडली नसती. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली टॅरोच्या खेळावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे साडेतीनशे वर्षे हे पत्ते प्रामुख्याने खेळण्यासाठीच वापरले गेले, हे त्यांनी त्यात सविस्तर दाखवले.

आपल्याकडची गंजिफा आठवा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी १२० गोल पाने असतात. नृसिंहाचे पान हातात आले की खेळणारा ते रंग म्हणून ओळखतो. कथा त्याला लहानपणापासून माहीत असते, म्हणून चित्र समजावून सांगावे लागत नाही. पण कथा न ऐकलेल्या माणसाच्या हाती ते पान गेले तर? सिंहाच्या डोक्याच्या एका प्राण्याबद्दल तो काय वाटेल ते सांगू शकेल. त्याचे सांगणे सुंदर असेल, कदाचित खोलही असेल, पण ते त्या पानाचे मूळ सांगणे नसेल.

मग पंधराव्या शतकातल्या इटलीत, कोणीही न समजावता, टांगलेल्या माणसाकडे पाहून लोकांना काय कळत होते?

२. पहिला अर्थ : गद्दार

त्या प्रवचनातल्या यादीत बारावे नाव आहे ‘फाशी दिलेला’. पण बोलोन्या शहरात याच पत्त्याला ‘इल त्रादितोरे’ म्हणत, म्हणजे गद्दार. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पंधराव्या शतकातल्या एका इटालियन जोडाची १७ पाने आहेत. त्यांतल्या टांगलेल्या माणसाच्या दोन्ही हातांत पैशांच्या पिशव्या आहेत. चांदीच्या तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा ज्यूडास ख्रिस्ती प्रेक्षकाला लगेच आठवावा, असे ते चित्र आहे.

आता हे नाव आणि पिशव्या बाजूला ठेवून रस्त्यावर या. मध्ययुगाच्या उत्तरार्धात इटलीतल्या नगरराज्यांमध्ये एक शिक्षा होती : ‘पित्तूरा इन्फामांते’, म्हणजे बदनामीचे चित्र. देशद्रोह करून पळालेला, पैसे बुडवून परागंदा झालेला, लबाडी केलेला माणूस हाती लागत नसे. मग नगर-शासन चित्रकाराला पैसे देऊन त्या माणसाचे चित्र सार्वजनिक इमारतीच्या भिंतीवर काढून घेई. चित्रात तो अनेकदा एका पायाने उलटा टांगलेला असे. खाली नाव आणि गुन्हा लिहिलेला असे. येणारेजाणारे ते पाहत.

याला आपण नुसती थट्टा समजू नये. मराठीत ‘पत’ हा एक फार उपयोगी शब्द आहे. बाजारातली उधारीही पत आणि समाजातला मानही पत. इटलीच्या व्यापारी शहरांत या दोन गोष्टी अशाच एकमेकींत गुंतलेल्या होत्या. ज्याचे नाव भिंतीवर चढले, त्याच्याशी करार कोण करणार? आपल्याकडे गाढवावरून धिंड काढण्याच्या शिक्षेचे उल्लेख सापडतात. तिथे निदान माणूस हजर असे आणि धिंड एका दिवसात संपे. भिंतीवरचे चित्र वर्षानुवर्षे राही. माणूस दूर असला तरी त्याची मुले आणि भाऊबंद त्याच रस्त्याने जात.

हे काम नामवंत चित्रकारांनीही केले. आंद्रेआ देल कास्तान्यो याने १४४० साली फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या हद्दपार विरोधकांची अशी चित्रे काढली. त्यावरून त्याला ‘फाशीवाल्यांचा आंद्रेइनो’ हे नाव पडले. १४७८ साली मेदिची बंधूंवर प्राणघातक हल्ला झाला. त्या पात्सी कटातल्या लोकांची चित्रे काढण्याचे काम सान्द्रो बोत्तिचेल्लीकडे आले. १४९४ मध्ये मेदिची सत्ता गेली आणि ती चित्रे पुसली गेली. १५२९-३० मध्ये फ्लॉरेन्सला वेढा पडला असताना पळून गेलेल्या सेनाधिकाऱ्यांची चित्रे काढायला आंद्रेआ देल सार्तोला सांगितले गेले. चरित्रकार वासारी लिहितो, की कास्तान्योसारखे नाव आपल्याला चिकटू नये म्हणून त्याने हे काम शिष्याचे आहे असे सांगितले आणि स्वतः रात्री, आडोशाआड जाऊन ते केले. भिंतीवरची चित्रे उरली नाहीत. पण त्यांची पूर्वतयारीची रेखाटने फ्लॉरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयात आहेत. त्यांत माणसे एका पायाने उलटी लोंबताना दिसतात. टॅरोचा बारावा पत्ता त्यांच्या शेजारी ठेवलात, तर दोन्हींची देहस्थिती एकाच कुळातली आहे हे सांगायला तज्ज्ञ लागणार नाही.

म्हणजे शीर्षक-चौकटीतली पहिली नोंद झाली. स्थळ : उत्तर आणि मध्य इटली. काळ : पंधरावे शतक. पाहणाऱ्याला कळणारा अर्थ : गद्दार, आणि त्याची जाहीर बेअब्रू.

३. एक योगायोग आणि एक सावधगिरी

टॅरोचा सर्वांत प्रसिद्ध जुना जोड मिलानच्या राजघराण्याचा आहे. बिआन्का मारिया विस्कोन्ती आणि फ्रान्चेस्को स्फोर्त्सा यांचा विवाह १४४१ साली झाला; १४५० मध्ये फ्रान्चेस्को मिलानचा ड्यूक झाला. त्या सुमारास त्यांच्यासाठी हा जोड रंगवला गेला. ७८ पैकी ७४ पाने आज शिल्लक आहेत. ती न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोची कारारा अकादमी आणि कोल्लेओनी घराणे यांच्याकडे विभागली गेली आहेत. त्यातही टांगलेला माणूस आहे : सोन्याच्या वर्खाच्या पार्श्वभूमीवर लाकडी चौकटीला उलटा लोंबणारा तरुण. पत्त्यावर नावही नाही, क्रमांकही नाही. पाहणाऱ्याला ते सांगावे लागत नव्हते.

आता याच घराण्यातली दुसरी घटना पाहा. फ्रान्चेस्कोचा बाप मुत्सिओ आत्तेन्दोलो स्फोर्त्सा हा भाडोत्री सेनापती होता. १४१२ साली तो पोपपदाचा दावेदार तेविसावा जॉन याची चाकरी सोडून नेपल्सच्या राजाकडे, म्हणजे शत्रूकडे गेला. संतापलेल्या जॉनने रोमच्या वेशींवर आणि पुलांवर मुत्सिओची चित्रे काढून घेतली : उजव्या पायाने उलटा टांगलेला, आणि खाली त्याच्या गद्दारीचा पाढा. तेव्हा फ्रान्चेस्को साधारण अकरा वर्षांचा होता.

ज्याच्या बापाला रोमभर असे टांगले गेले, त्याच्याच घरात पुढे सोन्याने मढवलेला टांगलेला माणूस खेळायला आला. हे वाचून तुमच्या मनात लगेच निष्कर्ष तयार झाला असेल : पत्त्यावरचा माणूस म्हणजे मुत्सिओ! इथे थांबायला शिका. टांगलेला माणूस स्फोर्त्सांशी संबंध नसलेल्या शहरांच्या जोडांमध्येही आहे. जे चित्र सगळीकडे आहे, ते एका घराण्याच्या बापाचे व्यक्तिचित्र ठरत नाही. मुत्सिओच्या गोष्टीवरून सिद्ध होते ते एवढेच, की ही देहस्थिती पाहिल्यावर त्या काळच्या माणसाला कोणता आरोप आठवत होता. एवढे सिद्ध झाले तरी ते पुष्कळ आहे. त्यापुढचे आपले म्हणणे रंजक असेल, इतिहास नसेल.

४. दुसरा अर्थ : विवेक

पत्ते इटलीतून फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये गेले. लाकडी ठशांवरून त्यांची स्वस्त छपाई होऊ लागली. सतराव्या-अठराव्या शतकांत रुळलेल्या या नमुन्याला आज ‘मार्सेय टॅरो’ म्हणतात. त्यात फांद्या छाटलेल्या दोन खोडांवर आडवे लाकूड आहे आणि त्याला माणूस लोंबतो. खाली नाव आहे ‘ल पान्दू’, म्हणजे टांगलेला. गद्दार हा शब्द आता कुठेही नाही. भिंतीवर बदनामीची चित्रे काढायची इटालियन रीतही मागे पडली होती. ज्या प्रथेमुळे चित्र कळत होते ती गेली. चित्र मात्र ठशाठशातून छापले जात राहिले.

अशा अनाथ चित्राला १७८१ साली नवा पालक मिळाला. पॅरिसचे विद्वान आन्त्वान कूर द जेबलाँ यांनी ‘मोंद प्रिमितिफ’ या आपल्या बहुखंडी ग्रंथाच्या आठव्या खंडात जाहीर केले, की टॅरो हा खेळ नसून प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा ग्रंथ आहे आणि तो पत्त्यांच्या वेषात आपल्यापर्यंत पोहोचला आहे. बाराव्या पत्त्याबद्दलचा त्यांचा युक्तिवाद मुळातून समजून घेण्यासारखा आहे. युरोपीय परंपरेत चार मुख्य सद्गुण मानले जातात : न्याय, धैर्य, संयम आणि विवेक. टॅरोमध्ये पहिले तीन आहेत, चौथा दिसत नाही. म्हणून बारावा पत्ता विवेकाचाच असला पाहिजे, असे त्यांनी ठरवले. एक पाय टेकून दुसरा पाय कुठे ठेवावा याचा विचार करत उभा असलेला माणूस म्हणजे विवेक. अडाणी पत्तेकाराने हे चित्र चुकून उलटे छापले!

हा तर्क चतुर आहे, पण पुरावा कुठे आहे? इटलीतले जुने पत्ते आणि ‘गद्दार’ हे नाव त्यांच्या विचारात नव्हते. आणि इजिप्तचे काय? रोझेटा शिला सापडली १७९९ साली. शाम्पोल्यों यांनी चित्रलिपी वाचण्याची किल्ली जाहीर केली १८२२ साली. म्हणजे १७८१ मध्ये जिवंत असलेल्या कोणालाही इजिप्तची लिपी वाचता येत नव्हती. तपासता येणार नाही असा दावा सुरक्षित वाटतो, म्हणूनच तो लवकर पसरतो. पुढे लिपी वाचता आली, हजारो लेख वाचले गेले, पण त्यांत टॅरो निघाले नाही. तोवर मात्र गोष्ट पुस्तकांमधून रुजली होती. ज्योतिषी एतेया याने स्वतःच्या नव्या जोडात बाराव्या जागी टांगलेला माणूस काढूनच टाकला आणि तिथे विवेकाचे चित्र घातले. चुकीच्या अर्थाने शेवटी चित्रच बदलले.

५. तिसरा अर्थ : त्याग आणि साक्षात्कार

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या एलिफास लेवी यांनी २२ चित्रपत्ते आणि हिब्रू लिपीची २२ अक्षरे यांची सांगड घातली. संख्या जुळली की संबंध सिद्ध झाला, असे मानणाऱ्यांना हे फार पटले. १८८८ मध्ये लंडनमध्ये ‘गोल्डन डॉन’ ही गूढविद्येची संस्था निघाली आणि तिने टॅरोला आपल्या साधनेत स्थान दिले. आर्थर एडवर्ड वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ हे दोघे या संस्थेचे सदस्य होते. वेट यांच्या सांगण्यानुसार पामेला यांनी सगळ्या जोडाची चित्रे काढली. डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने तो बाजारात आणला. पाठाच्या सुरुवातीला वर्णन केलेले चित्र याच जोडातले.

आता त्या चित्राकडे पुन्हा पाहा. मार्सेयच्या पत्त्यातली छाटलेली खोडे गेली, पालवी फुटलेला खांब आला. चेहऱ्याभोवती तेजोवलय आले. युरोपीय चित्रकलेत ते संतांना देतात. वेट यांच्या लेखी हा पत्ता ईश्वर आणि विश्व यांच्यातल्या नात्याचा होता, मृत्यूचा नव्हे. ही भर जाणूनबुजून घातलेली आहे. म्हणून या चित्रात आज कोणी त्याग आणि साक्षात्कार वाचला तर तो चूक करत नाही. १९०९ च्या चित्रात तो अर्थ खरोखरच घातलेला आहे. चूक तेव्हा होते, जेव्हा तो अर्थ १४५० च्या पत्त्यावर लादला जातो आणि वर इजिप्तचा शिक्का मारला जातो.

आणखी एक नोंद या चौकटीत हवी. पामेला यांनी त्या वर्षीच्या एका पत्रात लिहिले आहे, की काम मोठे आहे आणि पैसा अगदी थोडा. जोड अनेक दशके ‘रायडर-वेट’ या नावाने ओळखला गेला : प्रकाशक आणि लेखक. जिच्या रेषांनी हा अर्थ जगभर नेला तिचे नाव त्यात नव्हते. १९५१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्या हलाखीत होत्या.

६. मग खरा अर्थ कोणता?

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, तिन्ही अर्थ सारखेच. ज्याला जो भावेल तो त्याने घ्यावा. वापरापुरते ते ठीक आहे. पत्त्यात कोणी धीर शोधला, तर मी त्याच्या हातून पत्ता काढून घेणार नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला एवढ्यावर थांबता येत नाही, कारण तीन अर्थांच्या या प्रवासात एक गोष्ट हरवली आहे : टांगलेला माणूस.

भिंतीवरच्या चित्रांमागे खरी माणसे होती. काही खरोखर गद्दार होती, काही फक्त हरलेल्या पक्षातली. १४४० ची चित्रे मेदिचींच्या विरोधकांची होती. मेदिची गेले तेव्हा मेदिचींच्या शत्रूंची चित्रे पुसली गेली. म्हणजे गद्दार कोण, हे भिंत ज्याच्या ताब्यात तो ठरवत होता. बारावा पत्ता त्या सत्तेची खूण आहे. आपण त्याला ‘प्राचीन ज्ञान’ म्हटले, की ती सत्ता, तो दोर, ती बेअब्रू सगळे अदृश्य होते आणि उरतो एक प्रसन्न चेहरा. चुकीचा अर्थ निरुपद्रवी असतोच असे नाही. कधी कधी तो अन्याय झाकण्याच्या कामी येतो.

आणि भिंती संपल्या असे समजू नका. एखाद्याचा फोटो, खाली नाव, त्याखाली आरोप. खरे-खोटे ठरण्याआधीच हजारोंनी पाहिलेला. तुम्ही असे काही नुकतेच पाहिले असेल, कदाचित पुढेही पाठवले असेल. पुढच्या वेळी अंगठा थांबवा आणि शीर्षक-चौकट भरून पाहा : हे कोणी काढले? कधी? कोणाला दाखवायला? कोणत्या कामासाठी?

स्वाध्याय

१. मामलुक पत्त्यांतील पोलोच्या काठीचा इटलीत दंड झाला आणि इटलीतील गद्दाराचा फ्रान्समध्ये विवेक झाला. या दोन बदलांत साम्य काय आणि फरक काय?

२. ‘संख्या जुळते, म्हणून संबंध आहे’ या स्वरूपाचा एखादा युक्तिवाद तुमच्या ओळखीच्या विषयातून शोधा. तो तपासायला कोणता पुरावा लागेल?

३. तुमच्या भागातील एखादे पारंपरिक चित्र घ्या : गंजिफेचे पान, पट्टचित्र, भिंतीवरचे चित्र, कापडावरचा छाप. त्याची शीर्षक-चौकट भरा. जी रकाने रिकामी राहतील ती रिकामीच ठेवा. अंदाजाने भरू नका.